बंड्या पायपुसण्यावरच का करतो?

प्रश्न : डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरमध्ये राहतो. घरी मी, मिस्टर, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलीच्या हट्टापायी दोन महिन्यांपूर्वी बीगलचं पिल्लू आणलं. नाव बंड्या. आणला तेव्हा 40 दिवसांचा होता, आता साडेतीन महिन्यांचा होत आलाय. रोज सकाळी मिस्टर त्याला कॉलनीच्या बगिच्यात अर्धा तास फिरवतात. तिथे हा जग हुंगतो, पण करत काही नाही. घरात पाऊल टाकलं की थेट पायपुसण्यावर शी. पायपुसणं धुवायला टाकलं तर मुलीची गोधडी. एकदा सासूबाईंच्या देवघरातल्या आसनावर शू केली, त्या दिवशी घरात काय झालं ते लिहीत नाही. मिस्टर त्याचं नाक त्यात घासतात, पेपरची गुंडाळी करून फटकाही देतात. त्याला सगळं कळतं, कारण मान खाली घालून कान पाडतो. तरी मुद्दाम परत करतो. आणि सांगायलाही किळस वाटते, पण आताशा तो पलंगाखाली जाऊन शी करतो आणि आम्ही पोचायच्या आत खाऊन टाकतो. मी दिवसभर फिनाइलने फरशी पुसत असते. सासूबाई पहाटे पाचला उठतात आणि त्यांना पहिलं दर्शन याच प्रसादाचं घडतं. ज्यांच्याकडून आणला ते म्हणतात, बीगल हट्टीच असतात. काही इलाज आहे, की परत देऊन टाकू?
– एक त्रस्त वाचक, इंदूर

उत्तर : परत देऊ नका. निदान पुढचे दोन महिने तरी हा विचार बाजूला ठेवा आणि तोवर मिस्टरांच्या हातातली पेपरची गुंडाळी वाचण्यासाठी वापरू द्या.

‘त्याला सगळं कळतं’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात येणारं प्रत्येक घर बोलतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये कुत्र्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009मध्ये नेमकं हेच तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याची खरी-खोटी माहिती मालकांना दिली आणि मग कुत्र्यांचे चेहरे पाहिले. मान खाली, कान मागे हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने गुन्हा केला होता का यावर अवलंबून नव्हता, मालक रागावतोय का यावर होता. काहीही न केलेले कुत्रेसुद्धा ओरडा बसला की तसाच चेहरा करत होते. बंड्या मान खाली घालतो, कारण घरातला सर्वांत मोठा माणूस आवाज चढवून त्याच्या अंगावर वाकलेला असतो. दहा मिनिटांपूर्वी केलेली शी आणि आत्ता बसलेला फटका यांची सांगड त्याच्या डोक्यात बसत नाही. त्याच्या लेखी हिशोब सरळ आहे: जमिनीवर शी आणि समोर साहेब असे दोन्ही एकत्र दिसले की मार बसतो. मग यातलं एक नाहीसं करायचं. साहेबांना नाहीसं करणं त्याच्या हातात नाही, म्हणून तो पलंगाखाली जातो. बगिच्यात दोरीच्या दुसऱ्या टोकाला तेच साहेब उभे असतात, तिथे तो अर्धा तास दाबून धरतो. घरी दोरी सुटली की मोकळा होतो.

आता पायपुसण्याचं. 40 दिवसांचा आणलात असं लिहिलंय. आपल्याकडे असेच विकतात. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे 2017चे नियम आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई करतात, पण तो नियम विचारतो कोण! तुमचा बंड्या जन्मला तेव्हा त्याच्याखाली काय अंथरलं होतं हे विकणाऱ्याला फोन करून विचारा. बहुधा पोतं नाहीतर जुन्या साड्यांच्या घड्या असं उत्तर मिळेल. सात-आठ आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाच्या पायाच्या गाद्यांना एका प्रकारच्या जमिनीची सवय लागते, आणि ती जमीन पायाखाली आली की शी-शू आपोआप सुचते. कागदावर वाढलेलं पिल्लू तुमच्या सोफ्यावरची रविवारची पुरवणी शोधतं, सिमेंटवर वाढलेलं न्हाणीघर शोधतं. बंड्याने तुमच्या घरात पायपुसणं, गोधडी आणि आसन एवढंच निवडलंय. तिन्ही मऊ, तिन्ही कापडी. देवघराशी त्याचं वैर नाही हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा.

तेव्हा आजच घरातली सगळी पायपुसणी, सतरंज्या, गालिचे गुंडाळून माळ्यावर टाका. गोधडी दिवसा कपाटात. देवघराच्या दारात गुडघ्याएवढी फळी आडवी लावा, म्हणजे सासूबाई ओलांडतील आणि तो ओलांडणार नाही. मग धान्याचं एक जुनं पोतं घ्या, त्याच्या शूने ओलं झालेलं फडकं त्यावर घासा आणि ते पोर्चच्या एका कोपऱ्यात, नाहीतर घराच्या बाजूच्या गल्लीत अंथरा. त्याची आवड मोडत बसण्याऐवजी ती उचलून बाहेर ठेवायची. तो तिथे नियमित करू लागला की दर चार-सहा दिवसांनी पोतं कापून लहान करत न्या. रुमालाएवढं उरलं की काढून टाका. तोवर त्याला कोपरा पाठ झालेला असतो.

कोपऱ्यावर नेताना दोरी लावा, पण चालवू नका. एका जागी झाडासारखे उभे राहा, मोबाइल न बघता. बीगल ही सशाच्या वासावर धावण्यासाठी इंग्लंडात घडवलेली जात आहे. त्याला बगिच्यात नेऊन ‘लवकर कर’ म्हणणं म्हणजे मुलाला सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत नेऊन ‘इकडेतिकडे बघू नकोस’ म्हणणं. कोपऱ्यावर हुंगायला काही उरलं नाही की दोन-तीन मिनिटांत तो गोल फिरू लागेल. तो करायला बसला की घरातल्या सर्वांनी ठरवलेला एकच शब्द शांतपणे म्हणा, ‘शू कर’ किंवा काहीही. झालं की लगेच, म्हणजे त्याने पाय सरळ करताक्षणी, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा जागेवरच द्या. आत येऊन फ्रिज उघडून दिलेलं बक्षीस घरात आल्याचं बक्षीस होतं, आणि अनेक घरांत गाडी नेमकी इथेच रुळावरून घसरते. फिरायला न्यायचं ते त्यानंतर. आधी काम, मग भटकंती. उलट केलं, म्हणजे शी झाली की लगेच घरी आणलं, तर हुशार पिल्लू फिरणं लांबवण्यासाठी धरून ठेवायला शिकतं. मिस्टर कामाच्या घाईत हेच करत असतील अशी मला दाट शंका आहे.

बगिच्याबद्दल एक. पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचे विषाणू मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभरही टिकतात. बंड्याचा पार्वोच्या लसीचा 16 आठवड्यांचा शेवटचा डोस झाला नसेल, तर जिथे अनोळखी कुत्री येऊन जातात त्या मातीवर त्याला सोडू नका. तोवर पोर्च आणि गच्ची पुरे. रेबीजची लस राहिली असेल तर ती याच आठवड्यात द्या, घरात पाच वर्षांची मुलगी आहे.

कधी न्यायचं? झोपून उठल्यावर लगेच, खेळ संपल्यावर, आणि खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांनी. पोटात अन्न पडलं की आतडं पुढे ढकलू लागतं, पिल्लांमध्ये हे अगदी घड्याळ लावल्यासारखं होतं. दिवसा जास्तीत जास्त किती धरू शकेल याचा आमचा ढोबळ ठोकताळा म्हणजे वयाचे महिने अधिक एक, तितके तास. बंड्याला चार-साडेचार. ही वरची मर्यादा झाली. जागा असून खेळत असेल तर तासाभरातही लागेल. नेऊनही त्याने काहीच केलं नाही, तर आत आणा पण दोरी सोडू नका. तुमच्या कमरेला बांधा आणि पोळ्या लाटा. पंधरा मिनिटांनी पुन्हा कोपरा. या पंधरा मिनिटांत तो पलंगाखाली जाऊ शकत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. तुम्हाला बघायला वेळ नसेल त्या वेळी त्याला एका लहान बंदिस्त जागेत ठेवा, पण फार तर तास-दीड तास. दिवसभर कोंडलेलं पिल्लू नाइलाजाने तिथेच करतं आणि मग झोपायच्या जागेत करू नये ही उपजत बुद्धीही गमावतं.

आत करताना रंगेहाथ सापडला तर? एक टाळी, ‘ए बंड्या’, उचलून बाहेर. बाहेर पुरं केलं तर बक्षीस. आत करून झाल्यावर दिसलं, तर काही बोलायचं नाही, फडकं आणायचं.

फडक्यावरून आठवलं. फिनाइलचा वास आपल्या नाकाला स्वच्छ वाटतो, त्याखालचा शूचा वास त्याच्या नाकाला तसाच येतो. शिवाय काळं फिनाइल चाटणाऱ्या पिल्लाला बाधतं, ते घरातून काढाच. आधी जुन्या कापडाने दाबून टिपून घ्या. मग एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून ते पाणी डागावर दहा मिनिटं राहू द्या, आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रावण त्याहून चांगलं. पांढरं व्हिनेगर वापरा असं मोबाइलवर वाचाल, पण आपल्याकडच्या जुन्या घरांत कोटा नाहीतर संगमरवर असतो. दोन्ही चुन्याचे दगड, व्हिनेगरने त्यांची झिलई जाते. सासूबाईंचा उरलासुरला संयमही त्याबरोबर जाईल.

आता ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त किळस वाटते ते. शी खाणं पिल्लांमध्ये फार आढळतं आणि त्यात विकृत असं काही नाही. पहिले तीन आठवडे आई स्वतःच पिल्लांची शी चाटून साफ करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागाने 2018मध्ये छापलेल्या पाहणीत साधारण 16 टक्के कुत्री हे वारंवार करताना आढळली. खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या कुत्र्यांना जागा शिकवणं सारखंच सोपं किंवा अवघड होतं, आणि बहुतेक वेळा खाल्ली जाते ती ताजी शीच. सवय मोडण्यासाठी अन्नात घालायच्या गोळ्या-पावडरींचं यश त्याच पाहणीत दोन टक्क्यांच्या वर गेलं नाही. म्हणून पैसे घालवू नका. शीवर तिखट भुरभुरायचा उपाय शेजारच्या काकू सांगतील, तोही नको.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, जंत. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, आणि आठ आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचं असतं. किती, ते वजनावरून डॉक्टर सांगतील. बंड्याच्या शीचा नमुना तपासून घ्या. दोन, खाणं. वाटी दिवसभर भरलेली असते का? असेल तर शीची वेळही दिवसभर. दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी द्या, वीस मिनिटांत संपलं नाही तर उचला. दूध-पोळी बंद करा, दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पातळ होते आणि पातळ शी कुणालाच धरता येत नाही. मुलगी नाश्त्याच्या वेळी ताटातले पोहे त्याला भरवत असेल तर तेही थांबवा. कांदा, शिजवलेला असला तरी, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. वरून टाकलेल्या शेवेचं मीठ-तिखट वेगळंच. इंदूरचा कुत्रा असला म्हणून काय झालं! पाणी मात्र तोडू नका, झोपायच्या आधीचा तासभर सोडून.

मग शी खाण्याचा खरा उपाय: त्याची शी झाली की उठेपर्यंत चिकनचा तुकडा त्याच्या नाकापाशी असला पाहिजे. तो तुकड्यामागे वळेल, तुम्ही शी उचला. ओरडत धावलात तर त्याला वाटेल की ही चीज तुम्हालाही हवी आहे, आणि तो अजून घाईने गिळेल. उचललेलं संडासात टाका आणि पाणी सोडा. रोजच्या रोज उचलण्याचं आणखी एक कारण आहे. ताज्या शीतली गोल जंतांची अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे राहिली की मग ती माणसाच्या मुलांना लागू शकतात. मुलीला बंड्याशी खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा आणि तोंड चाटू देऊ नका.

उरल्या सासूबाई. त्या पहाटे पाचला उठतात असं तुम्ही गाऱ्हाण्याच्या सुरात लिहिलंय, पण मला तर या पत्रात एवढी एकच चांगली बातमी दिसली. बंड्याही तेव्हाच उठतो आणि घरातलं दुसरं कुणी त्या वेळी जागं नसतं. आंघोळीच्या आधी दार उघडून त्याला कोपऱ्यावर नेणं आणि पनीरचा तुकडा टाकणं, एवढं काम त्यांना द्या. पनीर आहे, विटाळ नाही. ज्याच्या हातून पहिला घास मिळतो त्याच्यामागे पिल्लू लागतं, तेव्हा महिन्याभराने तो त्यांचाच कुत्रा झाला तर माझ्याकडे दुसरं पत्र पाठवू नका.

पाच-सहा महिन्यांपर्यंत बहुतेक पिल्लं बऱ्यापैकी शिकतात. काहींना वर्ष लागतं, मधूनच पुन्हा घसरतात. पण थेंबथेंब वारंवार शू, शूमध्ये रक्त, किंवा शिकलेलं एकाएकी विसरणं यातलं काही दिसलं तर शिकवणी थांबवून दवाखाना गाठा. इंदूरमधल्या डॉक्टरांना शंका वाटली तर महूचं पशुवैद्यक महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे.

प्रश्न : आमची स्पिट्झची मादी पाच महिन्यांची आहे, एरवी शहाणी. पण कुणी पाहुणे आले, विशेषतः माझे दणदणीत आवाजाचे काका, की लोळण घेऊन जागेवरच शू करते. रागावलं की जास्तच करते.
– टिळकनगर, इंदूर

उत्तर : रागावू नका. ही भिडस्तपणाची शू आहे. ‘तुम्ही मोठे, मला मारू नका’ असं ती सांगते आणि रागावलं की तेच तिला अधिक ठासून सांगावं लागतं. काकांना सांगा, आल्यावर पाच मिनिटं तिच्याकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावर थोपटायचं नाही. मग बाजूला तोंड करून खाली बसायचं आणि ती आली तर छातीखाली खाजवायचं. पाहुणे यायच्या आधी तिला बाहेर नेऊन आणा. वाढत्या वयात हे बहुधा जातं. काकांचा आवाज जाणार नाही, तो तुम्हीच सांभाळा.

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यापासून आमचा पिल्लू-लॅब्राडोर उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. टाकला तर दोन मिनिटांत परत येतो आणि जिन्यात करतो.
– महू

उत्तर : ओल्या जमिनीचा स्पर्श आणि पत्र्यावरचा आवाज, दोन्ही नवे आहेत. मोठी छत्री घ्या, किंवा दाराजवळ ताडपत्रीखाली प्लॅस्टिकच्या घमेल्यात माती-गवत भरून ठेवा. सकाळचं पहिलं जेवण शू झाल्यावरच. भूक पावसापेक्षा मोठी, निदान लॅब्राडोरची तरी. परत आला की पायांच्या बोटांमधली जागा कोरडी करा, नाहीतर श्रावणात तिथे बुरशी धरते.

प्रश्न : मी कुत्रा पाळत नाही. पण समोरचे गृहस्थ रोज सकाळी त्यांचा कुत्रा आमच्या फाटकापाशी आणून उभा करतात. 2017पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरात हे शोभतं का? पत्नीने फाटकावर लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आहेत, तरी फरक नाही.
– एक ज्येष्ठ नागरिक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : शोभत नाही. कुत्र्याचा मालक बाहेर पडताना पिशवी आणि जुना पेपर घेऊन निघत नसेल, तर त्याने कुत्रा घेऊन निघू नये. स्पष्ट बोला. जुमानले नाहीत तर नगर निगमकडे तक्रार करा. कुत्रा मात्र निर्दोष आहे. त्याला तिथे आपला कालचा वास येतो म्हणून तो आज परत येतो. वर बंड्यासाठी सांगितलेल्या पावडरीच्या पाण्याने फाटकाचा पाया आणि समोरचा रस्ता चार-पाच दिवस सलग धुवा. मालकांनी त्याच वेळी दुसरी वाट धरली तर आठवड्यात सवय तुटेल. लाल पाण्याला कुत्री भीत नाहीत. त्यांना लाल रंग आपल्यासारखा दिसतही नाही, मळकट तपकिरीकडे झुकलेला दिसतो. बाटल्या रिकाम्या करून उद्या सकाळी निगमच्या गाडीत, प्लॅस्टिकच्या डब्यात टाका.